उलटीसाठी पाजलेले मिठाचे पाणी आणि एका वेळी पोटात जाणारे जास्तीचे मीठ

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्याच एका आईने लिहिले आहे की रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) पाहून घरी परतल्यावर गल्लीत मुले रंग खेळत होती, आणि त्या गडबडीत तिच्या साडेतीन वर्षांच्या, १४ किलो वजनाच्या मुलाने पिचकारीतल्या रंगीत पाण्याचा एक घोट गिळला. सासूबाईंनी तत्काळ पेलाभर कोमट पाण्यात चहाचे दोन चमचे मीठ ढवळून त्याला पाजले. त्याला उलटी झाली आणि निम्मे पाणी बाहेर पडले. पुढचे तीन-चार तास तो सारखा पाणी मागत होता, किरकिर करत होता, आणि नंतर इतका गाढ झोपला की रात्रीच्या जेवणालाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा खेळू लागला. या गोष्टीला आता नऊ दिवस झाले आहेत. रंगाचा काही परिणाम राहिला असेल का, असे त्या विचारतात, आणि शेवटी एका ओळीत पुस्ती जोडतात, ‘मिठाने तर काही होत नाही ना?’

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि इंदूरमध्येच २९ वर्षे लहान मुले तपासत आलो आहे. आपण रंगाविषयी पुष्कळ लिहिले आहे आणि मिठाविषयी एकच ओळ. माझे उत्तर मात्र बहुतेक सगळे त्या एका ओळीचेच असणार आहे, कारण आपल्या वर्णनात मला खरी काळजी वाटली ती रंगाच्या घोटाची नव्हे, त्यानंतर दिलेल्या पेल्याची.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगतो, ती हे उत्तर अडचणीच्या वेळी उघडणाऱ्यांसाठी आहे. लहान मुलाच्या पोटात एका वेळी चमचाभर किंवा त्याहून अधिक मीठ गेले असेल, तर पुढे वाचत बसू नका. मूल शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर त्याला साधे पाणी घोटाघोटाने पिऊ द्या आणि मुलांवर उपचार होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाकडे निघा. मूल झोपाळलेले असेल, झटका आला असेल किंवा ते ओळख देत नसेल, तर तोंडाने काहीही देऊ नका आणि १०८ ला फोन करा. जाताना ज्या चमच्याने मीठ दिले तो चमचा आणि तो पेला पिशवीत टाकून सोबत आणा. हे विचित्र वाटेल, पण ते का आवश्यक आहे ते पुढे येईलच.

आता मूळ मुद्दा. ‘एका वेळी किती मीठ धोक्याचे?’ याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. ते खाणाऱ्याच्या वजनावर, मीठ पोटात किती वेळ टिकले यावर, सोबत आणि नंतर किती पाणी मिळाले यावर, आणि मूत्रपिंडे किती सक्षम आहेत यावर अवलंबून असते. वैद्यकीय ग्रंथांमध्ये वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धा ते एक ग्रॅम मीठ एकदम पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते असे दिलेले असते, आणि त्याहून कमी मिठानेही मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. ६० किलोच्या माणसासाठी हे प्रमाण ३० ते ६० ग्रॅम होते, म्हणजे सहज कोणी खाईल असे नाही. १४ किलोच्या मुलासाठी मात्र तेच प्रमाण ७ ते १४ ग्रॅम होते.

आणि चहाचे दोन चमचे म्हणजे किती? आपला प्रश्न वाचल्यावर मी घरातल्या स्वयंपाकाच्या तराजूवर मोजून पाहिले. आमच्या चहाच्या चमच्यात सपाट भरलेले मीठ ६ ग्रॅम भरले. पोह्यांच्या चमच्यात, थोडी शीग ठेवून, ते १२ ग्रॅम भरले. आपण ‘चहाचे दोन चमचे’ लिहिले आहे म्हणून मी १२ ग्रॅम धरतो. सासूबाईंच्या हाताला घाईत पोह्यांचा चमचा लागला असता, तर तेच २४ ग्रॅम झाले असते. चमचा सोबत आणा असे मी म्हणतो ते याचसाठी. घाबरलेले घर नेहमी ‘दोन चमचे’ एवढेच सांगते, आणि त्या दोन चमच्यांमध्ये दुपटीचा फरक असतो.

आता थोडे गणित मांडतो, ते अवघड नाही. मिठातला सोडियम हा घटक रक्तात लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (हे त्याचे प्रमाण मोजण्याचे एकक) एवढ्या अरुंद पट्ट्यात शरीर सांभाळून ठेवते. एक ग्रॅम मिठातून सुमारे १७ मिलिमोल सोडियम मिळते. १४ किलोच्या मुलाच्या शरीरात एकूण पाणी साधारण साडेआठ लिटर असते. १२ ग्रॅम मीठ पूर्ण शोषले गेले असते, तर त्याचे सोडियम १४० वरून १६४ च्या आसपास गेले असते, आणि १६० च्या पुढचा आकडा आला की आम्ही त्या मुलाला अतिदक्षता विभागात ठेवतो. निम्मे उलटून पडले हे खरे असेल, तर ते १५२ च्या जवळ पोहोचले असणार. त्याची अनावर तहान, किरकिर आणि ती जड झोप या आकड्याशी पुरेपूर जुळतात. पोह्यांच्या चमच्याने दिले असते आणि उलटी झालीच नसती, तर हिशेब १९० च्या आसपास जातो, आणि तिथून सगळी मुले परत येत नाहीत. तोच १२ ग्रॅमचा पेला ६० किलोच्या निरोगी तरुणाने प्यायला असता, तर त्याचे सोडियम जेमतेम १४६ झाले असते. त्याला तहान लागली असती, दोन पेले पाणी पिऊन तो कामाला लागला असता. घराघरांत ‘आम्ही तर प्यायलो होतो, आम्हाला काही झाले नाही’ असे सांगितले जाते ते खरेच असते, पण तो अनुभव मोठ्या देहाचा असतो.

याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहा. १२ ग्रॅम मिठाला रक्ताच्या नेहमीच्या पातळीपर्यंत पातळ करायला जवळपास दीड लिटर पाणी लागते. आपल्या मुलाची अख्ख्या दिवसाची द्रवाची गरज सव्वा लिटरच्या आसपास आहे. म्हणजे एका पेल्याने त्याच्यावर दिवसाहून अधिक पाण्याचे कर्ज चढवले होते. मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकतात, पण त्यासाठी त्यांना पाणीच लागते, आणि बाळ जितके लहान तितकी लघवी घट्ट करण्याची त्यांची ताकद कमी. नवजात बाळात ती प्रौढांच्या निम्मीच असते. शिवाय तीव्र मिठाचे पाणी आतड्यात पोहोचले की ते शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब होतात. उलटी आणि जुलाब यांतून पाणी जाते, शोषले गेलेले मीठ मात्र आत राहते.

मीठ शरीराला नेमकी इजा कुठे करते, हे समजायला कोशिंबिरीचे उदाहरण पुरेसे आहे. काकडी चिरून मीठ लावून ठेवली की दहा मिनिटांत ताटलीत पाणी सुटते आणि फोडी मऊ पडतात. रक्तात मीठ एकाएकी वाढले की प्रत्येक पेशीतले पाणी असेच बाहेर ओढले जाते. स्नायूंना किंवा त्वचेला ते काही काळ सोसते. मेंदूला सोसत नाही. मेंदू आक्रसतो, कवटीच्या आतील आवरणापासून त्याच्याकडे येणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि त्या तुटल्या तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो. आधी तहान, मळमळ, चिडचिड; मग गुंगी, स्नायूंना कंप, झटके आणि बेशुद्धी, असा हा क्रम असतो, आणि लहान मुलात तो काही तासांत पूर्ण होऊ शकतो. म्हणून मिठानंतरची ‘गाढ झोप’ हे मला कधीच दिलासा देणारे लक्षण वाटत नाही. त्या संध्याकाळी आपण मला फोन केला असता, तर मी त्याला झोपू न देता ताबडतोब घेऊन यायला सांगितले असते.

मीठ किती सहज चुकून घातक ठरते याचे एक उदाहरण आम्हाला शिकवले जाते. १९६२ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात बाळांचे दूध तयार करताना साखरेच्या जागी मीठ पडले आणि सहा बाळे दगावली. तिथे प्रशिक्षित परिचारिका होत्या, डॉक्टर होते, तरी कारण लक्षात येईपर्यंत उशीर झाला, कारण मिठाचा संशय कोणाला येत नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवातले सर्वांत लक्षात राहिलेले मूल मात्र मिठाच्या पाण्याचे नव्हे, ओ.आर.एस.चे होते. बऱ्याच वर्षांपूर्वी, मे महिन्याच्या उन्हात, देवासकडच्या एका गावातून आठ महिन्यांचे बाळ आणले गेले. तीन दिवस जुलाब होत होते. वडील शिकलेले आणि फार काळजी घेणारे होते. पुडीवर ‘एक लिटर पाण्यात’ असे लिहिलेले त्यांनी वाचले होते, पण एवढेसे बाळ लिटरभर पाणी कधी पिणार, औषध तर पूर्ण पोटात जायला हवे, असा विचार करून त्यांनी अख्खी पुडी दुधाच्या बाटलीत कालवून दोन दिवस दिली. बाळाचा चेहरा मला आजही आठवतो. ओठ कोरडे, डोळे टक्क उघडे, रडणे एकसुरी आणि चिरके, आणि आईने तोंड पुसायला ओला रुमाल जवळ नेला की ते रुमालच चोखायला लागे. पोटाची कातडी चिमटीत धरली तर ती मळलेल्या कणकेसारखी लागत होती. सोडियम १७१ आले. लिटरभर पाण्यासाठीची पुडी २०० मिलिलिटरमध्ये कालवली की ते द्रावण जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतके खारट होते, हे मी त्या वडिलांना सांगितले तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले. दुसऱ्या रात्री बाळाला झटका आला, पण ते वाचले आणि बरे होऊन घरी गेले. बाजारात लिटरची मोठी पुडी असते आणि पेलाभर पाण्याची लहान पुडीही असते. दोन्ही सारख्याच दिसतात. कृपया दर वेळी पुडीवरचे माप वाचा आणि तेवढेच पाणी मोजून घ्या. मूल सगळे पिणार नसेल, तर उरलेले दुसऱ्या दिवशी ओतून द्या, पण पाणी कमी करू नका. घरी करायचे असेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्याने, याहून मीठ अधिक नको.

उपचाराविषयी थोडेसे सांगतो, कारण इथे एक शब्द घोटाळा करतो. आपण कुठलीही बाटली लावली की ‘सलाईन लावले’ म्हणतो. खरे सलाईन म्हणजे मिठाचेच पाणी असते, लिटरला ९ ग्रॅम. मूल रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत आले तर ते आधी द्यावेच लागते, पण एरवी मिठाच्या अतिसेवनावर ग्लुकोजचे, कमी मिठाचे द्रावण लागते आणि दर काही तासांनी सोडियम मोजावे लागते. मीठ नुकतेच, काही तासांपूर्वी पोटात गेले असेल तर पातळी वेगाने खाली आणणे चालते. अमेरिकेत १९ वर्षांच्या एका मुलाने पैजेखातर सुमारे लिटरभर सोया सॉस पिऊन टाकला होता, त्याचे सोडियम १९६ पर्यंत गेले होते. डॉक्टरांनी अर्ध्या तासात सहा लिटर पाणी ग्लुकोजसह त्याला दिले आणि तो मेंदूला इजा न होता वाचला. ही नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. पण पातळी दोन दिवस चढलेली असेल, जशी त्या देवासच्या बाळाची होती, तर मेंदूने तोवर स्वतःला त्या खारटपणाशी जुळवून घेतलेले असते. मग घाईने पाणी दिले तर तोच मेंदू सुजतो. अशा वेळी चोवीस तासांत १० ते १२ मिलिमोलपेक्षा अधिक उतरवायचे नाही, असे धोरण असते. म्हणून ‘मीठ केव्हा दिले’ हा प्रश्न आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो, आणि घरच्यांना वाटते की डॉक्टर वेळ घालवत आहेत. त्या वेळेवरच सगळा उपचार ठरत असतो, म्हणून घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहून आणा.

आता सासूबाईंविषयी. त्यांना दोष देऊ नये अशी माझी मनापासून विनंती आहे. विष किंवा नको ते पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून उलटी काढावी, हे प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांतही छापलेले असे, आणि एके काळी डॉक्टरही ते सांगत. त्यांनी नातवाच्या काळजीने, ठाऊक असलेले उत्तम ते केले. आज मात्र आम्ही घरी उलटी काढायलाच मनाई करतो, मिठाने तर नाहीच. उलटी होईलच याची खात्री नसते. झाली तरी पोट पूर्ण रिकामे होत नाही. आणि रॉकेल, ॲसिड किंवा फिनाइलसारखा पदार्थ असेल, तर वर येताना तो अन्ननलिका पुन्हा भाजतो किंवा फुप्फुसात उतरतो. म्हणजे मूळ पदार्थ कदाचित निरुपद्रवी असतो आणि उपाय मात्र निश्चितपणे घातक. कोणता पदार्थ गेला याविषयी शंका असेल, तर दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देते.

याच घरगुती श्रद्धेची आणखी दोन रूपे मला वरचेवर दिसतात. कोणाला चक्कर आली की ‘बी.पी. लो झाले’ म्हणून मिठाची चिमूट किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी दिले जाते. निरोगी प्रौढाला, शुद्धीवर असताना, चिमूटभराने अपाय होत नाही. पण हृदय दुबळे असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या आजोबांना तेच पेलाभर खारट पाणी रात्री धाप लावून बसवू शकते, कारण मिठाबरोबर शरीर पाणी धरून ठेवते. दुसरे म्हणजे कुंजल, म्हणजे खारट पाणी पिऊन ओकण्याची योगक्रिया. ती शिकवणारे सौम्य पाणी घ्यायला सांगतात, हे मला ठाऊक आहे. तरी ती मुलांना करायला लावू नये, आणि रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सैंधव किंवा काळे मीठ वापरले म्हणूनही हिशेब बदलत नाही. दोन्हींत मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड असते.

इथे एक भीती दूरही करतो. जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे, शेव, लग्नातले लोणचे-पापड यांनी असे विषबाधेसारखे होत नाही. अन्नातले मीठ हळूहळू शोषले जाते, तहान लागते आणि माणूस पाणी पितो. रोजच्या जास्तीच्या मिठाचा तोटा वेगळा आहे, तो रक्तदाबातून वर्षांनुवर्षे साचत जातो, आणि त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. पण तो निराळा विषय आहे, आपल्या पेल्याशी त्याची गल्लत नको.

आता आपल्या मुलाकडे येतो. नऊ दिवस झाले आहेत, तो खातो, खेळतो, झटका आलेला नाही. पाणी मागून मागून प्यायला, हीच त्याची मोठी राखण ठरली. आज त्याचे सोडियम तपासून काही हाती लागणार नाही, कारण निरोगी मुलात ते दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. म्हणून केवळ मनाच्या समाधानासाठी सुई टोचू नका. मात्र तीन गोष्टी आठवून मला सांगा: त्या झोपेत त्याला हलवले तेव्हा तो डोळे उघडून आपल्याकडे पाहत होता का, हातापायांना किंवा तोंडाला काही झटके दिसले का, आणि त्यानंतर त्याच्या चालण्या-बोलण्यात काही फरक वाटतो का. यांतील एकही उत्तर मनात शंका ठेवणारे असेल, तर त्याला प्रत्यक्ष दाखवायला आणा.

रंगाच्या घोटाविषयी एवढेच, की नऊ दिवसांत तोंडात फोड, पोटदुखी, काळी शी किंवा लघवीच्या रंगात बदल दिसला नसेल, तर त्याची चिंता सोडून द्या. पुढच्या रंगपंचमीला असे पुन्हा घडले, तर तोंड स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, दोन घोट साधे पाणी द्या, आणि त्या रंगाचे पाकीट फेकून न देता मुलाबरोबर घेऊन या.